आवाज नंतर भरतात

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. झेलिंदामावशींकडे टोमॅटोचा रस बाटल्यांत भरायचं काम चाललं होतं आणि मी त्यांची उसनी आणलेली झाकणं परत द्यायला गेले होते. आमच्या रोक्कास्पीना गावात ऑगस्ट लागला की कुणाच्या ना कुणाच्या घरी झाकणं कमी पडतात. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि निघणार, तेवढ्यात मावशींनी माझ्या दंडाला हात लावला. मला थांबवायचं तर सगळे असंच करतात. हाक मारून उपयोग नसतो.

"गुरुवारी मास्तरांच्या सिनेमाला येणार आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"बघते. ऐकू तर काही येत नाही, पण वेळ जातो."

"ये. माझं काम आहे तुझ्याकडे." मग म्हणाल्या, "पडद्यावरची माणसं काय बोलतात, ते तुला कळतं ना गं?"

सहाव्या वर्षी मला मेंदूज्वर झाला आणि कान गेले. तेव्हापासून मी ओठ वाचते. तोवर बोलायला शिकले होते, त्यामुळे बोलता येतं. माझा आवाज सपाट आहे म्हणतात. गावाला सवय आहे. सगळे माझ्याकडे तोंड करून बोलतात, आणि ज्यांना माझ्याबद्दल बोलायचं असतं ते पाठ फिरवतात. तीस वर्षं मी गावच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या. हे सांगायचं कारण एवढंच, की मी कल्पना लढवणारी बाई नाही. समोर जे असतं ते मी लिहून घेते.

मास्तर म्हणजे फुल्जेन्झिओ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी चार वाजता ते चर्चच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी जुना सिनेमा लावतात. त्या गुरुवारचा सिनेमा मात्र गावाचा स्वतःचा होता. एकोणीसशे सहासष्टच्या सप्टेंबरमध्ये रोमहून एक सिनेमाची मंडळी आली होती आणि त्यांनी आमच्या पडक्या किल्ल्यात बारा दिवसांत एक भुताचा विनोदी सिनेमा उरकला होता. नाव 'उपाशी भुतं'. सिनेमा दोन आठवड्यांत उतरला आणि नंतर कुणी पाहिला नाही. आता कुठल्याशा संग्रहातून तो सिनेमा असलेली डीव्हीडीची तबकडी मास्तरांच्या हाती लागली होती.

किल्ल्यातल्या भुतांच्या भूमिका गावातल्या माणसांनीच केल्या होत्या. मावशींची धाकटी बहीण एर्सिलिया त्यात भूतनवरी होती. एकोणीस वर्षांची. चित्रीकरण संपलं त्या शनिवारी ती नाहीशी झाली. सिनेमावाल्यांच्या बसमधून रोमला पळाली, असं मावशींनी वडिलांना सांगितलं आणि गावानं ते मान्य केलं. वडिलांनी तिचे फोटो चुलीत घातले. पत्र आलं नाही, निरोप आला नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढं 'वास्तव्य अज्ञात' असा शेरा होता. इतक्या वर्षांनी तिला मृत ठरवून घेता आलं असतं. मी मावशींना तीनदा सुचवलं. तिन्ही वेळा त्यांनी मला कॉफी दिली आणि विषय बदलला.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. मेणाचा वास, बडीशेपेच्या बिस्किटांचा वास, उकाड्यात दाटून बसलेल्या माणसांचा वास. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, काठी गुडघ्यांत धरून. मी त्यांच्या शेजारी.

सिनेमा असा होता: व्हॅक्यूम क्लीनर विकणारे दोन फिरते विक्रेते, एक जाडा आणि एक काटकुळा. त्यांची गाडी बंद पडते, ते किल्ल्यात शिरतात. तिथं एक सरदार घराणं तीनशे वर्षं भूत होऊन राहिलंय आणि शाप असा, की त्यांनी खाल्लेलं पोटात राहतच नाही. वटवाघळाला बांधलेली मासे धरायची दोरी स्पष्ट दिसत होती. सांगाडा चालताना एक पाय विसरून पुढं जायचा. रक्त म्हणजे उकळलेली कॉफी. सिनेमा काळापांढरा, कुणाला कळणार होतं. साठ वर्षांपूर्वी त्याला कुणी हसलं असेल का, शंका आहे. आता मात्र माणसं डोळे पुसत होती. "तो पडदा आमच्या आईच्या खोलीतला!" म्हणून कुणी उठून दाखवत होतं. प्रेत झालेला खाटीक पापण्या मिटमिटत होता, त्याचा मुलगा मान खाली घालून हसत होता. पडद्यावर भुतं म्हणून वावरणारी ती सगळी माणसं तेव्हा जिवंत होती. आता त्यांतले दोघंतिघं उरलेत.

मला मात्र वेगळाच सिनेमा दिसत होता. त्या काळी असल्या स्वस्त सिनेमांत चित्रीकरण करताना आवाज घेतच नसत. आवाज नंतर रोमला बंद खोलीत दुसरीच माणसं भरायची. त्यामुळे कॅमेऱ्यापुढं कोण काय बोलतंय याची कुणाला फिकीर नव्हती. सरदाराची बायको काटकुळ्याच्या गळ्यात पडली, सगळं सभागृह कान देऊन ऐकू लागलं, आणि तिचे ओठ म्हणत होते, 'कांदा खाल्लायस का मेल्या, तोंड तिकडं कर.' मला हसू आवरेना.

मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी सिनेमा थांबवला. "निवेस, एकटी काय हसतेस? आम्हालाही वाढ की थोडं."

मी सांगितलं. मग काय विचारता. मास्तरांनी मला पडद्याशेजारी उभं केलं. जाडा भुताला पाहून किंचाळतो तेव्हा प्रत्यक्षात म्हणतो, 'जेवण कधी येणार विचार ना, माझा पाय झोपलाय.' सरदार शाप उच्चारताना सासूच्या दुखण्याबद्दल बोलतो. मी सांगत गेले आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या समारंभात मध्यभागी उभी होते. मला ते आवडलं, हे कबूल करते.

मग भुतांच्या मेजवानीचा प्रसंग आला. लांब मेज, रिकाम्या ताटल्या, सहा भूतनवऱ्या ओळीनं बसलेल्या. मावशींनी मला खूण केली. मी जागेवर जाऊन बसले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"डावीकडून तिसरी," त्या म्हणाल्या.

दातांत फट असलेली मुलगी. डोक्यावरची जाळी खिडकीच्या पडद्याची होती. या प्रसंगात आवाज भरताना सहाही जणींच्या तोंडी 'भूक लागली, भूक लागली' एवढंच घातलंय, हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला काही दिलेलं नसे, त्यांना आकडे मोजायला लावायचे, म्हणजे ओठ हलतात. पहिली मोजत होती: सात, आठ, नऊ. दुसरीही मोजत होती. चौथी, पाचवी, सहावी मोजत होत्या.

एर्सिलिया मोजत नव्हती. तिनं मान वळवली, सरळ आमच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाली, 'झेलिंदा, त्या खिडकीत बसू नकोस, वारा लागेल.' मग जरा थांबून... 'आणि त्या बहिरीला कशाला आणलंस?'

प्रसंग संपला. जाडा तिजोरीत अडकला. लोक हसत होते, मला खुर्चीच्या पाठीतून त्यांचं हसणं जाणवत होतं.

"काय म्हणाली?" मावशींनी विचारलं.

"आकडे, मावशी. सगळ्यांसारखेच."

"कितीपर्यंत?"

"पन्नास... एक्कावन्न, बावन्न. असंच काहीतरी."

मावशींनी माझं मनगट सोडलं.

मी स्वतःची समजूत घातली. साठ वर्षांपूर्वी मावशी चित्रीकरण बघायला गेल्या असतील, किल्ल्यातल्या एखाद्या खिडकीत बसल्या असतील. गावात तेव्हाही कुणी बहिरं असेल. नोंदी चाळल्या तर सापडेलही. एवढं ठरवून मी गप्प बसले.

बाहेर पायऱ्या उतरताना मावशी माझ्याकडे तोंड करून थांबल्या. "एर्सिलियाला तीसच्या पुढं येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "अंडी मोजतानासुद्धा तीस झाली की पुन्हा एकपासून. शाळेत त्यासाठी मार खाल्ला, तरी नाही आलं. उद्या दुपारी घरी ये. तबकडी मी मास्तरांकडून मागून घेतलीय."

"मावशी, मी..."

"आणि उद्या खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

शुक्रवारी तीन वाजता मी गेले. उन्हासाठी झडपा ओढलेल्या होत्या, त्यांच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या. टोमॅटो आणि तुळशीचा वास भरून राहिला होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, आंबूस, जुन्या पिंपांचा. तो तळघरातून येत होता. स्वयंपाकघरातून तळघरात जायचा जिना आहे. त्या जिन्याला चौकट आहे, बिजागऱ्या आहेत, दार नाही. इतकी वर्षं मी ते पाहत होते आणि कधी विचारलं नव्हतं.

मावशींनी टीव्हीवरचं विणलेलं कापड काढून घडी केलं. मेजवानीचा प्रसंग चाळीस सेकंदांचा होता. त्यांनी तो लावला.

एर्सिलियानं मान वळवली. मी मोठ्यानं वाचलं, "'आलीस पुन्हा. बरं झालं.'"

मावशींनी मान हलवली, पाहुणं दारात आल्यावर हलवावी तशी. त्यांनी प्रसंग मागं नेला आणि पुन्हा लावला. तेच मेज, त्याच ताटल्या, तोच खाटीक पापण्या मिटमिटत मागून जाणारा. फक्त तिचे ओठ वेगळे हलले.

"'बस निघाली का?'"

मावशींच्या हातातला रिमोट खाली आला. मग त्या माझ्याकडे वळल्या, मला ओठ नीट दिसतील अशा.

"हा प्रसंग मंगळवारी झाला होता," त्या म्हणाल्या. "बस शनिवारी होती. संध्याकाळी पाचला, चौकातून. त्या जाड्यानं तिला सांगितलं होतं, रोमला चल, काम देतो. ती बोचकं बांधून तयार. मी तिला म्हटलं, जाताना वडिलांसाठी एक सुरई भरून ठेव. ती तळघरात उतरली आणि मी बाहेरून कडी घातली."

"तुम्ही..."

"बस जाईपर्यंतच. एक तासाचा प्रश्न होता. ती दार बडवत होती, मी इथं या खुर्चीवर बसून मटार सोलत होते. पावणेपाचला बडवणं थांबलं. मला वाटलं, दमली असेल. सव्वापाचला कडी काढली."

"मग?"

"तळघर रिकामं." त्यांनी तळवे उघडून दाखवले. "एकच झरोका आहे, त्याला गज आहेत, मांजर जाणार नाही एवढे जवळ. सुरई भरलेली होती. अर्धी नाही हो, काठोकाठ. बोचकं तिथंच. मी बोचकं जाळलं आणि वडिलांना सांगितलं, गेली बसमधून. दुसरं काय सांगणार होते? आठवड्यानं दार उतरवलं, तेही फोडून चुलीत घातलं."

अठ्ठावन्न वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे तोंड केलं, बोलणं मला कळावं म्हणून थोडं माझ्या बाजूलाही, आणि म्हणाल्या, "निघाली गं बस. केव्हाच निघाली." आणि प्रसंग लावला.

"'मग कडी काढ.'"

"दारच नाही राहिलं, एर्सिलिया. जाळलं मी ते."

पुन्हा चाळीस सेकंद.

"'इथं आहे.'"

मी म्हटलं, "मावशी, पुरे करू या." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. त्या पुढं सरकून बसल्या. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा राखाडी दिसत होता.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "रागावली आहेस का माझ्यावर?"

प्रसंग लागला. एर्सिलियानं मान वळवली. या वेळी तिनं मावशींकडे पाहिलं नाही. जिथं मी बसले होते तिकडं पाहिलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली... बहिऱ्या माणसाशी शहाणी माणसं बोलतात तशी.

'खाली पाठव तिला. एकटीला. तू वरच थांब.'

"काय म्हणाली?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, "आकडे."

"आकडे?"

"हो. आता आकडेच मोजतेय."

"कितीपर्यंत?"

"तीस," मी म्हटलं. "तीस झाले आणि पुन्हा एक."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उलगडला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "म्हणजे राग गेला," त्या म्हणाल्या. "रुसवा गेला की ती अशीच बसायची मोजत. मांजरं, चमचे, काय मिळेल ते." त्यांनी टीव्ही तसाच चालू ठेवला आणि काठी टेकून उठल्या. "थांब. वडिलांच्या हातची, द्राक्षांच्या शिजवलेल्या रसाची वाइन आहे थोडी. आज घेऊ या घोटभर."

"मी आणते, मावशी."

"तुला पिंप कळणार नाही. बस तू."

मी बसले. हे मी स्वतःला वर्षभर विचारते आहे की का बसले. खरं सांगितलं असतं तर त्या उतरल्या नसत्या. पण खरं सांगायचं म्हणजे आत्ता खोटं बोलले हेही सांगायला हवं होतं, आणि त्या चेहऱ्याकडे बघून माझ्याच्यानं ते झालं नाही. शिवाय खोलीत लख्ख दुपार होती, फरशीवर ऊन होतं. तळघरात पिंपं आणि कोळीष्टकांशिवाय काय असणार.

मी चपला काढून पाय फरशीवर टेकवले. पायांना मला पुष्कळ कळतं. काठीचे ठोके कळत होते, एका पायरीला एक. अकरा ठोके. मग काही नाही. पडद्यावर जाडा आणि काटकुळा सरदारापासून पळत होते, एकमेकांना धडकत होते. मग फरशी थरथरू लागली. बारीक, एकसारखी, एखादं मोठं इंजिन दाराशी उभं राहून चालू असावं तशी. कपाटातल्या बश्या एकमेकींवर सरकताना मला दिसल्या. मावशींची गल्ली इतकी अरुंद आहे, की तिथं हातगाडी वळत नाही. थरथर मिनिटभर राहिली आणि लांब गेली.

मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेले. मावशी वर येत होत्या. झपझप, एका हातात भरलेली सुरई, दुसरा हात मोकळा. त्यांनी दोन पेले भरले, एक माझ्यापुढं ठेवला, हसल्या, आणि त्यांचे ओठ म्हणाले, 'निवेस, इथं फार अंधार आहे.'

"काय म्हणालात?"

त्यांनी पेला उचलून माझ्या पेल्याला लावला. 'माझी काठी सापडत नाहीये,' ओठ म्हणाले.

मी वाइन न पिता घरी आले.

सोमवारी मी देलियाच्या किराणा दुकानात गेले. मावशी माझ्या आधी उभ्या होत्या, ताठ, काठीशिवाय. देलिया सुरी पुसत त्यांच्याकडे बघत होती. मी बाजूला होऊन मावशींचं तोंड दिसेल अशी उभी राहिले. त्यांचे ओठ म्हणत होते, 'कुणालातरी दिवा घेऊन पाठवा हो. मी चढतेय, पण पायऱ्या संपत नाहीत.' देलियानं मान हलवली आणि यंत्रावर मांस कापायला घेतलं. मावशींनी पुडकं घेतलं, माझ्याकडे बघून मान लववली आणि गेल्या.

"देलिया, त्यांनी काय मागितलं?"

"दोनशे ग्रॅम मोर्तादेल्ला, पातळ कापून. का गं?" ती हात पुसत जवळ आली. "आणि आवाज काय सुटलाय मावशींचा, ऐकलास... छे, तू कुठली ऐकणार. एखाद्या पोरीसारखा झालाय. बाहेरून आवाज आला तर कुणी म्हणणार नाही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे."

त्याच दिवशी मी मास्तरांना गाठलं. सगळं सांगितलं नाही. तबकडी परत घ्यायला माझ्याबरोबर चला, म्हटलं, आणि मावशींची काठी तळघरात राहिलीय, ती शोधू. मावशींनी आम्हाला आत घेतलं. मास्तरांशी त्या बोलत होत्या आणि मास्तर खुशीत मान डोलावत होते. मी त्या वेळी मावशींच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. आम्ही विजेरी घेऊन खाली उतरलो. अकरा पायऱ्या. पिंपं कोरडी होती, सगळीच. काठी मधोमध आडवी पडली होती, तिच्यावर धूळ नव्हती.

मास्तरांनी वाकून काठी उचलली आणि वर दाखवली. जिन्याच्या तोंडाशी मावशी उभ्या होत्या, स्वयंपाकघरातला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर तिरपा पडला होता. त्यांचे ओठ हलले. 'मास्तर, मी इथंच आहे... तुमच्या पायाशी.'

मी मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. विटांची जमीन, त्यांचे तपकिरी बूट, बुटांच्या ठशांभोवती धूळ.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

मास्तर माझ्याकडे वळले. "म्हणतायत, राहू दे तिथंच, आता गरज नाही पडत. बघ, या वयात! नाहीतर आपण."

बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते चांगले गृहस्थ आहेत. "निवेस," ते म्हणाले, "त्या दिवशी तुला पडद्याशेजारी उभं केलं ही माझी चूक. डोळ्यांना ताण पडलाय तुझ्या. चष्म्याचा नंबर तपासून घे."

मी तपासून घेतला. नंबर तोच आहे.

सप्टेंबरात मी एकटी दिवा घेऊन दोनदा त्या तळघरात गेले. मावशींनी अडवलं नाही. मी खाली उभं राहून मोठ्यानं हाका मारल्या. उत्तर आलं असेल तर ते ऐकायला गावात माझ्याइतकी निरुपयोगी बाई दुसरी नव्हती. भिंतींना हात लावले, जमिनीला हात लावले. काही लागलं नाही. वर मावशी मटार सोलत बसल्या होत्या. मी निघताना त्यांचे ओठ म्हणाले, 'आत्ता तू जवळून गेलीस.'

हिवाळ्यात शब्द कमी होत गेले. दुकानात, चर्चमध्ये, चौकात, जिथं दिसत तिथं मी त्यांच्या ओठांकडे बघायची, कारण दुसरं कुणी बघणारं नव्हतं. 'थंडी' एवढंच कितीतरी दिवस. मग नुसतं 'निवेस.' फेब्रुवारीत एकदा ओठ खूप वेळ हलले आणि मला एक अक्षरही लागलं नाही. जीभ जड झाल्यावर हलतात तसे. मी चौकात, सगळ्यांसमोर, त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. लोक थांबून बघू लागले. हात उबदार होते. त्यांनी माझ्या गालावर थोपटलं.

नंतर मी त्यांना टाळू लागले.

गेल्या गुरुवारी मास्तरांचा माणूस बोलवायला आला, म्हणून सभागृहात गेले. सिनेमा सुरू व्हायचा होता. खिडकीजवळ घोळका जमला होता आणि मधोमध झेलिंदा बसली होती. तिला मावशी म्हणणं मला आता जमत नाही. केस वर बांधलेले, पाठ सरळ. सहासष्टच्या चित्रीकरणाची काहीतरी गंमत सांगत असावी, कारण सगळे तिच्याकडे वाकून बघत होते, मध्येच खदखदून हसत होते. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "मग पुढं? पुढं काय झालं?" आणि पुन्हा कान देऊन ऐकू लागले. देलिया मान डोलावत होती.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. बराच वेळ मी बघत राहिले. ते हललेच नाहीत, आणि घोळका पुन्हा एकदा हसला.

मग तिनं मला पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती जागा माझ्यासाठी रिकामी करून दिली.